कुंकवाखालचं अक्षर

बीडला सहा महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स करून मी केजला परतले आणि मला गावातच नोकरी लागली, तीही टायपिंगच्या क्लासमध्ये. क्लासच्या सरांनी पंचवीस वर्षं पोरांना मशीन बडवायला शिकवलं होतं. आता पोरं दारात येऊन "कॉम्प्युटर हाय का?" विचारून परत फिरायला लागली, तेव्हा सरांनी मुंबईच्या कुठल्याशा ऑफिसानं काढून टाकलेले पाच कॉम्प्युटर आणवले. सरांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, ते साबणाच्या फडक्यानं पुसून काढले. तरी एका पडद्याच्या कडेला कुण्या मुंबईच्या बाईची टिकली राहिलीच.

पहिला कॉम्प्युटर सुरू केला तर त्यानं पासवर्ड मागितला. दुसऱ्यानंही.

"पासवर्ड त्या ऑफिसातल्या माणसांनाच माहीत असणार," मी म्हणाले.

"कुलूप लावून सामान विकत्यात व्हय?" सर भडकले. "किल्ली कावून न्हाई पाठवली?"

मी सांगितलं, की सगळं पुसून नवी सिस्टीम टाकावी लागेल. तसंही आतलं त्यांचं काही आपल्या उपयोगाचं नाही.

"सगळं पुसायचं? मग आत ऱ्हातंय काय?"

"काहीच नाही."

सर खुर्चीत बसले. "मंजे आपण मोकळे डबे आणले बाई!"

पंचाईत अशी, की नव्या वर्गाच्या उद्घाटनाला तालुक्यातल्या एका पुढाऱ्यांना आमंत्रण देऊन झालं होतं. मी एसटीनं बीडला गेले आणि आमच्या कोर्सवाल्यांकडून सिस्टीमची सीडी आणली. परत आले तर गावात लाईट नव्हती. त्यामुळे उद्घाटनाच्या दिवशीच सकाळी आठला मी एका कॉम्प्युटरसमोर बसले. जुनं सगळं पुसलं, सीडी घातली, फाईली उतरायला लागल्या. पुढारी अकराला येणार होते. वेळ भरपूर होता.

जुन्या डब्यात फाईली उतरता उतरता पावणेअकरा वाजले, मग कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि त्यानं सीडीच्या पाकिटावरचा पंचवीस अक्षरांचा नंबर मागितला. मी पाकीट उचललं. त्यावर ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट होतं, नेमकं नंबरावर.

"नवी वस्तू हाय, म्हनलं लावावं," काकू म्हणाल्या. त्यांनी पाचही पडद्यांना लावलं होतं, माउसलाही लावलं होतं.

मी पदरानं पुसायला गेले तर कुंकवाबरोबर एक अक्षर निघून आलं. त्याच्या शेजारचं अर्धंच उरलं. ते तीन असेल, आठ असेल किंवा इंग्रजी बी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दारात जीप थांबल्याचा आवाजही आला.

तेव्हा सरांनी मला उठवलं. "सरका. तुमी फक्त त्या दोन जागी काय घालायचं ते सांगा."

ते बसले, पाठ ताठ केली, दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले आणि पंचवीस अक्षरं खाली न बघता एका दमात उमटवली. चूक. मी म्हणाले, "सर, दोनच अक्षरं बदला, बाकीची राहू द्या."

"माझ्या क्लासात खाडाखोड न्हाई चालत. चुकलं की पहिल्यापासून."

आणि खरोखर, दर वेळी ते पहिल्यापासून टाईप करू लागले. मागे पुढाऱ्यांना हार घातला गेला. काकूंनी नारळ पुढे केला, तो पुढाऱ्यांनी फोडला. भाषण सुरू झालं. सर मान वळवायला तयार नव्हते. मी कुजबुजत अक्षर सांगायची, ते खडखडखड टाईप करायचे, चूक. पुन्हा अक्षर, पुन्हा खडखडखड. त्या आवाजाला काम जोरात चाललंय असं समजून पुढाऱ्यांनी दोनदा टाळ्या वाजवायला लावल्या.

किती वेळा झालं ते मोजलं नाही. शेवटी अर्धं अक्षर आठ निघालं आणि पुसलं गेलेलं इंग्रजी के. पडदा पुढे सरकला आणि त्यावर आलं : अजून पस्तीस मिनिटं.

पुढाऱ्यांचं भाषण तर संपत आलं होतं. सरांनी उठून त्यांच्या कानाला लागून विनंती केली, "साहेब, आणखी थोडं बोला की."

पुढाऱ्यांना आजवर कुणी असं म्हटलं नसावं. ते इतके खूश झाले, की रस्त्यांपासून सुरू करून तलाव, शाळा, त्यांच्या लहानपणीची कुस्ती, सगळं बोलले. पडद्यावर पस्तीसची एकतीस झाली, मग मधेच चाळीस. सर पाहुण्यांच्या पाठीमागून दोन्ही हातांनी 'आणखी, आणखी' करत होते. पहिल्या रांगेतले म्हातारे एकेक करून चहाला उठले.

शेवटी पडदा उजळला. चित्रं थोराड होती, रंग उडालेले होते, आवाज तर नव्हताच. पुढाऱ्यांनी एका बटणावर बोट ठेवलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उतरलेल्या चेहऱ्यानं त्यांनी मला विचारलं, "झालं एवढ्यात? माझं अजून बोलायचं ऱ्हायलं की."

दुसऱ्या दिवशी उरलेल्या चार कॉम्प्युटरमध्ये सरांनी माझ्याकडून नुसती सीडी घालून घेतली. नंबर मात्र स्वतः टाकला, चारही वेळा पाकीट न बघता. मी विचारलं, तोंडपाठ केलात का? त्यांना तोंडानं नंबर सांगता येईना. मग त्यांनी टेबलावर, कीबोर्ड असल्यासारखी, बोटं नाचवली, मी ती बघत एकेक अक्षर वहीत उतरवलं, आणि आमच्या नव्या वर्गाची पहिली पोरगी फी विचारायला आत आली.