ढोर ओढणारा मास्तर

“मास्तर, खडू ठेव अन् इकडं ये.”

पाटील त्यांच्या गोठ्याच्या दारात उभे होते. गोठा शाळेला लागूनच होता. मी शाळेच्या ओट्यावर पहिलीच्या पोरांना बाराखडी घालून देत होतो.

“वासरू मेलं. ओढून नाल्यापल्याड टाकून दे.”

मला वाटलं, ते दुसऱ्या कुणाला सांगताहेत. मी मागं वळून पाहिलं. मागं फळा होता.

मी म्हणालो, महारवाड्यात निरोप धाडतो, कुणीतरी येईल. तसे पाटील हसले.

“मंग तू कोन हायेस बे? बामन हायेस का?”

पोरं हसली. पोरांचं काय, मोठं माणूस हसलं की ती हसतात. आत तिसरी-चौथीच्या वर्गात हेडमास्तर पाढे म्हणून घेत होते. त्यांचा आवाज थांबला. मला वाटलं ते बाहेर येतील. ते आले नाहीत. थोड्या वेळानं पाढे पुन्हा सुरू झाले.

पाटील ओट्याच्या जवळ आले. विटाळ होणार नाही एवढं अंतर ठेवून थांबले. आवाज खाली आणून म्हणाले, “मास्तर, तुही बायको लेकरू घेऊन नाल्यावर पान्याले एकटीच जाते ना?”

बस, एवढंच बोलले.

मी अंगातला कोट काढला. खुंटीला टांगला. खडू फळ्याखाली ठेवला आणि ओट्यावरून खाली उतरलो.

हे काम मी जन्मात कधी केलं नव्हतं. माझ्या बापानं गाव सोडलं ते याच कामापायी. मेलेली ढोरं ओढून ओढून त्याला वीट आला होता. एका सकाळी तो माझ्या आईला घेऊन मलकापूरला गेला आणि कापसाच्या जिन-कारखान्यात मजूर झाला. रुईची भुकटी छातीत जाऊन जाऊन खोकायचा, पण म्हणायचा, “इथं कोनी मले ढोराले हाक मारत नाही.” त्यानं मला शाळेत घातलं. मी मराठी शाळा पास झालो, मग मास्तर तयार करणारी नार्मल शाळा पास झालो. तेव्हा आमचा वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेला होता. नेमणुकीचा कागद आला. संग्रामपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याचं एक गाव. बापानं तो कागद कपाळाला लावला होता.

आणि बापानं जे टाकलं ते मी शिकून सवरून, मास्तर होऊन, हातात घेतलं.

दोर कसा बांधायचा तेही मला येत नव्हतं. मी वासराच्या मानेला बांधला. पाटलाचा सालदार लांब उभा राहून शिकवू लागला. “मानेले नाही मास्तर, मांगच्या पायाले. गाठ मारा. अशी नाही, आवळून.” ओट्यावर माझे विद्यार्थी रांगेनं उभे होते. त्यांचा मास्तर गाठ मारायला शिकत होता.

वासराची जीभ बाहेर आली होती. तिच्यावर माशा होत्या. शाळेसमोरून, पाराजवळून, आख्ख्या गल्लीतून मी ते ओढत नेलं. उंबऱ्याउंबऱ्यात माणसं.

हे मुद्दाम केलेलं होतं. महारवाड्यात त्या दिवशी माणसं होती. पण आठवडाभर आधी पाटील मला रस्त्यात भेटले होते. आमच्या माणसानं थांबून, कमरेत वाकून ‘जोहार’ म्हणायचं असा तिथला रिवाज. मी नार्मल शाळेत शिकवलेलं ‘नमस्कार’ म्हणालो. अंगात लग्नातला काळा कोट होता. त्या नमस्काराचं उत्तर हे वासरू.

घरी आलो तर माझी बायको, सोना, दारात उभी होती. तिला कळलं होतं. गावात अशा गोष्टी माणसाच्या आधी घरी पोचतात. तिच्या कडेवर आमची लेक. सहा महिन्यांची. मला पाहून लेकीनं हात पसरले. मी मागं सरलो.

सोनानं माझ्या हातावर पाणी घातलं. म्हणाली, जाऊ द्या. झालं ते झालं. आपलं लेकरू लहान आहे, नोकरी नवी आहे.

मलाही तसंच वाटलं. खोटं कशाला सांगू? मला हायसं वाटलं होतं. एक वासरू ओढलं आणि बायको-पोर वाचली, असा हिशेब मी मनात केला होता.

पण भीती गेली नाही. उलट वाढली. आमचं घर महारवाड्याच्या टोकाला. गावच्या विहिरीवर आम्हाला जाता येत नव्हतं. सोना नाल्यात खणलेल्या झिऱ्यावरून पाणी आणायची. पोरगी कडेवर, घागर डोक्यावर. ती पायवाट शाळेच्या ओट्यावरून दिसायची. मी पोरांना बेरीज शिकवायचो आणि डोळे पायवाटेवर. ती बाभळीआड गेली की माझी बेरीज चुकायची. पोरं म्हणायची, “गुर्जी, चुकलं.” ती बाहेर दिसली की मी श्वास सोडायचो. रोज. दिवसातून दोनदा.

माझ्या वर्गात महारवाड्यातली सात पोरं होती. ती ओट्याखाली बसायची, बाकीची ओट्यावर. हे मी बदललं नव्हतं. तेही भीतीपायीच. त्या सातांत एक मुलगी. गंगू. गावाच्या येसकराची, किसनची लेक. येसकर म्हणजे वेशीवर पहारा देणारा, पाटलाची हाक आली की धावणारा. गंगूचं अक्षर सगळ्या वर्गात चांगलं होतं. पाटीवर ‘ग’ काढला की ती आधी स्वतः त्याच्याकडे पाहून घ्यायची, मग मला दाखवायची.

वासरानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी किसन शाळेपाशी आला. ओट्यापासून लांब उभा राहिला. गंगूला म्हणाला, “चाल.”

मी खाली उतरलो. विचारलं, का नेतोस? पोरगी हुशार आहे.

किसन रागात नव्हता. मला तो राग चालला असता. तो अगदी साधं बोलला, जसं माणूस पिकापाण्याचं बोलतो.

“मास्तर, तुमी एवढे शिकले. कोट घातला. तरी बी ढोरच ओढलं ना? मंग इनं शिकून काय करू? थे काम तं आमाले न शिकताच येते.”

गंगूनं पाटी पोटाशी धरली आणि बापाच्या मागं गेली. मागं वळून पाहिलं नाही.

मी ओट्यावर परत चढलो. फळ्यावर काय लिहिलं होतं ते मला वाचता येईना. पाटलाच्या हाकेनं झाला नव्हता तेवढा माझा अपमान किसनच्या त्या बोलण्यानं झाला. कारण हे माझंच काम असं म्हणणारा पाटील खोटं बोलत होता आणि किसन खरं. मी चार महिने बाराखडी शिकवत होतो आणि एका सकाळी, दोर हातात घेऊन, मी सगळ्या गावाला दुसरंच काही शिकवलं होतं. तो धडा सगळ्यांना पाठ झाला होता.

पंधरा दिवसांनी पाटलाची म्हैस मेली.

सालदार आला. म्हणाला, “मास्तर, पाटलानं बलावलं. दोर घेऊन या.”

मी त्याला काय उत्तर द्यायचं ते पंधरा दिवस ठरवत होतो. झिऱ्याच्या वाटेवर, जेवताना, लेकीला झोका देताना. मोठी मोठी वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. मी म्हणालो, “नाही.”

त्याला ऐकू गेलं नाही. “काय म्हनता?”

“मी येणार नाही.”

तो गेला आणि पाटील आले. या वेळी हातात काठी होती. शाळेचं आतलं दार हेडमास्तरांनी हळूच लोटून घेतलं. कडी लागल्याचा आवाज मला ऐकू आला.

“इचार करून बोल,” पाटील म्हणाले. “तुह्या घरी लहान लेकरू हाये.”

तेव्हा माझ्या मांड्यांवरून ऊन ऊन काहीतरी खाली उतरलं. मी धोतरात मुतलो होतो. माझ्या विद्यार्थ्यांपुढं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, आज सांगतो. कारण लोक मला पुढं म्हणायचे, मास्तर तुमची छाती मोठी. छाती वगैरे काही नव्हती. भिजलेलं धोतर होतं.

पण मी ओट्यावरून खाली उतरलो नाही. म्हणालो, “मी मास्तर आहे. मी ढोर ओढणार नाही. आज नाही, पुन्हा कधीच नाही.”

पाटलांनी माझ्या धोतराकडे पाहिलं. हसले. काठी उचलली नाही. निघून गेले. दुपारी किसननं आणि त्याच्या भावानं म्हैस ओढून नेली. माझ्याकडे न पाहता शाळेसमोरून गेले.

मग गावानं आपलं काम सुरू केलं. दुकानदार सोनाला मीठ देईना. ओट्यावरची पोरं शाळेत येईनाशी झाली. नव्या मास्तरानं गाव नासवलं म्हणून महारवाड्याचा खळ्यावरचा धान्याचा वाटा पाटलानं बंद केला. ते मला सगळ्यात जड गेलं. बायका आमच्या दारात येऊन सोनाला बोलल्या, “तुह्या नवऱ्यापायी आमच्या लेकराइच्या तोंडचं गेलं.” त्या खरंच बोलत होत्या.

आणि एका सकाळी मी ज्याला भीत होतो ते झालं. सोना बाभळीआड गेली आणि बाहेर आली नाही. मी वर्ग टाकून धावलो. चप्पल कुठं गेली कळलं नाही. ती वाटेत बसली होती. घागर फुटलेली, लुगडं भिजलेलं, लेक छातीशी घट्ट आवळलेली आणि रडून रडून लाल झालेली. दोघं जण होते, म्हणाली. घागरीला काठी मारली. अंगाला हात लावला नाही. म्हणाले, “पुढच्या खेपेले घागर नसन.”

मी लेकीला घेतलं. हातपाय चाचपले. डोकं चाचपलं. तिला काही झालं नव्हतं.

हेडमास्तरांनी वर लिहून कळवलं की नवा मास्तर उद्धट आहे, त्याच्यामुळं हजेरी पडली. एक डिप्टीसाहेब शाळा तपासायला आले. बैलांच्या दमणीतून उतरले, हेडमास्तरांच्या खुर्चीत बसले. पाटील त्यांच्या शेजारी. मी ओट्याखाली उभा. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं मला समजावून सांगितलं, तू तरुण आहेस, लेकुरवाळा आहेस. दोन ओळी लिहून दे, चूक झाली, पुन्हा होणार नाही. मी प्रकरण इथंच मिटवतो. त्यानं कोरा कागद पायरीवर ठेवला. वर दौत ठेवली. माझं जेवण होईपर्यंत मुदत दिली.

मी घरी गेलो. जेवण कुणाला सुचतं? सोनाला सगळं सांगितलं. मला वाटत होतं ती म्हणेल, लिहा. खरं सांगायचं तर तिनं तसं म्हणावं अशी माझी इच्छा होती. म्हणजे मला लिहिता आलं असतं आणि दोष तिच्यावर ढकलता आला असता.

ती पोरीला पाजत होती. तिनं पोरीला दुसऱ्या अंगाला घेतलं. मग म्हणाली, “मले लय भेव लागते. पानी आनाले जाऊ वाटत नाही. पन तुमी लिहू नका. इले मोठं झाल्यावर काय सांगू, तुह्या बापानं काय लिहून देल्लं?”

मी परत गेलो. पायरीवर बसलो आणि चांगल्या अक्षरात लिहिलं: ‘मी या शाळेचा मास्तर आहे. मेलेलं जनावर ओढण्याचं काम मी करणार नाही. शाळेत येऊन कुणी ते सांगितल्यास त्याचं नाव मी वर कळवीन.’ खाली सही केली. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.

साहेबानं वाचलं. पाटलाला दाखवलं नाही. घडी करून खिशात घातलं आणि म्हणाला, “याने तुझं भलं होणार नाही.”

नाहीच झालं. बदली झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, देऊळगाव राजाच्याही पुढं. पुढची कित्येक वर्षं जिथं कुणी जात नाही तिथं मला पाठवत राहिले. ओळखीच्या माणसाकडून मागाहून कळलं की महारवाड्याचा वाटा पाटलानं पुन्हा सुरू केला. माझ्या जागी कुणी मास्तर आला नाही. गंगू शाळेत परत गेली नाही. तिचं त्याच उन्हाळ्यात लग्न लावून दिलं. ते ओझं माझ्यावर आहे. ते मी कुणाला उतरवू देणार नाही.

नव्या गावी आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. पायात गोळे आले होते. मी शाळेकडे गेलो नाही. लेकीला कडेवर घेतलं, सोनाला बरोबर घेतलं आणि आधी महारवाड्यात गेलो. चार माणसं गोळा झाली.

मी म्हणालो, “मी इथला नवा मास्तर. आधीच सांगून ठेवतो. मी ढोर ओढत नाही. आणि माझ्या शाळेतलं पोर शाळेच्या वेळात कुणी ढोराला नेलं तर त्याला आधी माझ्याशी भांडावं लागेल. तुमची पोरं पाठवा. पोरी पण पाठवा.”

एक म्हातारी होती. तिनं लेकीच्या तोंडावरची माशी हाकलली आणि मला विचारलं, “अन् पाटलानं सांगितलं तर रे, बाबा?”

“तरी नाही.”

त्या गावचा पाटील कसा आहे मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंही नाही.