खोलगटातली चाकोरी

गाडी सुरू करण्याआधी हा माणूस बॉनेटवर पाना असा हाणायचा, की शारजात झोपलेला घरमालक भाडं मागायला उठून बसावा. धाण! धाण! मग जमिनीकडे बघून ओरडायचा, "उठा रे! वरून गाडी येते!"

कुणाला उठवायचा, विचाराल. आमच्या डेझर्ट सफारीच्या कॅम्पमागे एक खोलगट भाग होता, आम्ही त्याला खोलगटच म्हणायचो. तिथे झुडपांखाली बिळं करून ढब राहायचे, म्हणजे घोरपडीची काटेरी शेपटीची भावकी. आम्ही दोघं तिथे ड्रायव्हर. हा रत्नागिरीचा, खांदे गलबताचे आणि तोंड म्हणजे शिव्यांचं गोदाम.

वाळूच्या टेकड्यांवर पर्यटकांना तो असा आपटायचा, की पोटातलं ऑम्लेट पुन्हा अंडं व्हावं. पण खोलगटात चाक घालायचा नाही. तिथली जमीन कडक, खडीची. "वाळूवरचा वण वारा पुसतो, भावा. हिथला माझ्या नातवाला दिसेल."

एका नव्या ड्रायव्हरने खोलगटाच्या कडेवरून गाडी मारली. चिरडलेला ढब याने उचलला, त्याच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "आता ह्याला उठव." पुढची थप्पड अबुधाबीपर्यंत ऐकू गेली असणार.

मग त्या हिवाळ्यात पाऊस झाला, खोलगट हिरवा झाला आणि मॅनेजरला जाहिरातीचा व्हिडिओ सुचला. "सब गाडियाँ सीधा झाडी में से. यल्ला, चलो!"

"साब, नीचे सोये हैं वो. छत गिरेगा उनके ऊपर."

"तेरे रिश्तेदार हैं क्या?"

"हां."

कुणी हलेना, तेव्हा मॅनेजर स्वतः स्टेअरिंगवर बसला. झुडपं मोडत, खडी उडवत सुटला. याने आपली जीप समोर आडवी घातली. लोखंड किंचाळलं, काच पावसासारखी पडली, रेडिएटर फुटून वाफ उसळली. वाफेतून हा रक्ताळलेला बाहेर आला, मॅनेजरला खिडकीतून ओढला आणि नाकाचा पार चपटा पापड केला. आम्ही सहाजण त्याला लोंबकळत होतो, सहाही फरफटलो.

खलास. व्हिसा रद्द. विमानतळावर निघताना फुटल्या ओठाने एवढंच म्हणाला, "पाना ठेवलाय. वाजवत जा."

नवे ड्रायव्हर विचारतात, टक्कर किती गाड्यांची झाली? पहिल्यांदा मी दोन सांगितल्या होत्या. आता सातवर आलोय, एक हेलिकॉप्टरही घेतलंय.

पण चाकोरी आहे तेवढीच दाखवतो. मोडलेल्या झुडपांतून ती आत येते, काचा चमकतात तिथे थांबते. पुढे एकही चाक गेलेलं नाही. परवा दुपारी तिच्या टोकावर एक ढब ऊन खात बसला होता. मी बॉनेटवर पाना हाणला.

हलला नाही लेकाचा. मीच गाडी वळवली.