आमची बंदूकवाली बॅच

आमच्या कॉम्प्युटर क्लासात दोन गोष्टी रोज साठतात. मॉनिटरवर धूळ आणि माझ्या नावावर किस्से. धूळ निदान फडक्याने पुसता येते. किस्से पुसायला गेलं की उलट पसरतात! म्हणून म्हटलं, लोकांनी मीठमसाला लावून सांगण्यापेक्षा आपणच सांगून टाकावे. लाज जायची ती एकदाच जाईल.

क्लास पारनेरला. संस्थेच्या हॉलमध्ये आठ कॉम्प्युटर, एकमेकांना वायरने जोडलेले. चालवते मी, शिकवते वंदना. मी त्रेचाळीस वर्षांची, ती तेवीस. मला कॉम्प्युटर चालू करता येतो, तिला बाकीचं सगळं येतं. दिवसा कॉलेजची पोरं असतात, ती दुसरे एक सर सांभाळतात. वंदनाची बॅच संध्याकाळची, पाचची. सुप्याच्या एमआयडीसीतून पहिली शिफ्ट सुटली की कामगार येतात ना, त्यांची. वंदनाची नोकरी म्हणजे ती एक बॅच.

आणि त्या बॅचला माऊस धरायची सवय व्हावी म्हणून वंदनाने कॉम्प्युटरवर एक गेम टाकला. बंदुकीचा! चार जणांची एक टीम, चार जणांची दुसरी. एकमेकांना शोधायचं आणि गोळ्या घालायच्या. ही गेल्याच वर्षीची, नव्याण्णव सालची गोष्ट.

*

गेम कसा आहे ते बघावं म्हणून एका दुपारी मी एकटीच बसले. सुरू केला आणि दोन मिनिटांत कॉम्प्युटर बंद पडला. म्हणजे चालू होता, पण सगळी स्क्रीन करडी! बटणं दाबतेय, माऊसचं बटण दाबतेय, नुसता ढिशांव ढिशांव आवाज. स्क्रीन आपली करडीच.

घाबरून मी नगरला इंजिनिअरला फोन लावला. तो बिचारा एसटीने आला, पाठीवर हत्यारांची बॅग. मी म्हटलं, "व्हायरस असेल हो. काहीही करा, पण वंदना यायच्या आत करा."

त्याने खुर्ची ओढली. बॅग उघडलीच नाही. माऊस जरासा डावीकडे सरकवला. समोर अख्खं अंगण, झाडं, निळं आकाश!

"मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभ्या होता."

ही बातमी वंदनापर्यंत जाऊ नये म्हणून मी त्याला चहा आणि भजी खाऊ घातली. तो निघाला तर दारात बाबर सर. सर रिटायर झालेले मास्तर, हौसेने कॉम्प्युटर शिकायला येतात. सगळं ऐकलेलं!

"किती वेळ उभ्या होता?" सरांनी विचारलं.

"दोन तास झाले असतील."

"शाळेत मी दहाच मिनिटं उभं करायचो."

*

तर आमची टीम चौघांची. कॅप्टन वंदना. मग बाबर सर. मग शेळके भाऊ, सुप्याला फिटर. आणि शेळक्यांचे जोडीदार तांबे, जे आठवड्यातून एकदा बोलतात.

अडचण अशी होती की शेळके आणि तांबे दोघंही चौथीत बाबर सरांच्या हाताखाली शिकलेले. गेममध्ये एक अरुंद दरवाजा होता. त्यातून एकेकाने पळत आत घुसायचं. कॉलेजच्या पोरांशी पहिली मॅच लागली. आमची टीम दरवाज्यापर्यंत झकास गेली आणि तिथंच थांबली.

"सर, तुमी आधी," शेळके म्हणाले.

"नाही रे, तू तरुण आहेस. जा."

"असं कसं सर? तुमी आसताना?"

तांबे नुसतेच बाजूला सरकून वाट देऊन उभे. वंदना ओरडतेय, "अहो, कुणीतरी जा!" तेवढ्यात आतून एक बॉम्ब टप्पे खात आला आणि चौघंही ढगात!

वंदनाने कपाळावर हात मारला. "शेळके भाऊ, उद्यापासून सर सगळ्यात मागे. तुम्ही पुढे."

शेळके कळवळून म्हणाले, "सरांच्या म्होरं चालायचं? त्यापरीस मेलेलं बरं की वो!"

आणि पुढचे आठ दिवस ते खरोखर मेले. रोज, त्याच दरवाज्यात!

*

आता माझी खरी लाज. संस्थेचे अध्यक्ष अण्णा एकदा पाचच्या बॅचला न सांगता आले. अण्णा कधीही येतात आणि चपला घालूनच आत येतात. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला चालत नाहीत हे त्यांना सांगायची हिंमत कुणाची? समोर बघतात तर शेळके स्क्रीनवर एकाला लोळवतायत आणि बाबर सर म्हणतायत, "शाबास!"

"बाई," अण्णा मला म्हणाले, "ह्ये काय चाललंय? संस्थेचा हॉल हाय का मुडदाघर?"

मी खरं सांगायला हवं होतं. माऊसची प्रॅक्टिस चाललीय, एवढंच. पण माझ्या तोंडाला काय झालं देव जाणे! मी म्हटलं, "अण्णा, इंटरनॅशनल स्पर्धेची तयारी आहे. बंगळूरला. चार देश येणार आहेत. आपली टीम सिलेक्ट झालीय."

स्पर्धा होती, ते खोटं नाही. वंदनाने एका मासिकातून तिचा फॉर्म कापून आणला होता. तो माझ्या ड्रॉवरमध्ये होता. कोरा!

वंदना माझ्याकडे बघतच राहिली. अण्णांनी क्षणभर विचार केला.

"इंटरन्याशनल म्हनता? मंग एक मॅच जिंकून या. एकच! पेपरात फोटो दिऊ. आन् न्हाई जिंकली, तर ही बॅच बंद. हितं शिवणक्लास लावू."

अण्णा गेले.  वंदनाने ड्रॉवर उघडला, फॉर्म काढला आणि माझ्यासमोर पेन ठेवलं.

फॉर्म भरताना मी इतकी गोंधळले की संघाच्या नावाच्या जागी मी माझंच नाव लिहिलं. भारतातून पहिला आलेला फॉर्म म्हणून आमचाच घेतला आणि तेच नाव छापून आलं. बंगळूरच्या बोर्डावर श्रीलंका, नेपाळ, मॉरिशस, आणि खाली 'सौ. सुनंदा'!

*

बंगळूरचा हॉल बघून आम्ही गारच पडलो. गार म्हणजे एसीने सुद्धा! आत कॉम्प्युटरच्या रांगाच रांगा. आम्हाला कुणी काही सांगायची गरजच नव्हती. कॉम्प्युटर म्हटलं की चपला बाहेर. आम्ही पाचही जणांनी दाराशी चपला काढल्या. बाबर सरांनी सगळ्यांच्या ओळीत लावल्या.

आमच्या मागून नेपाळची टीम आली. त्यांनी आमच्याकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं आणि बूट काढले. मग श्रीलंका. मग बघायला आलेली माणसं. अर्ध्या तासात दाराशी बुटांचा हा ढीग! टाय लावलेला आयोजक अडखळून पडता पडता वाचला.

आत येऊन त्याने इंग्रजीत विचारलं, "हे कुणी सुरू केलं?"

 शेळके माझ्याकडे बघायला लागले. सर माझ्याकडे बघायला लागले.

मी हळूच नेपाळकडे बघितलं.

*

पहिली मॅच श्रीलंकेशी. मी पर्समध्ये चष्मा शोधत होते. चष्मा सापडला, पुसला, लावला आणि शेजारी तांबे उभे.

"अहो तांबे, इथं काय करताय? जागेवर बसा. मॅच सुरू होईल ना!"

तांबे त्या आठवड्याचं त्यांचं वाक्य बोलले.

"हरलो."

*

नेपाळशीही हरलो. बुटांचा राग काढला म्हणा ना!

राहिला मॉरिशस. दुपारी जेवायला बसलो. वंदनाने डब्यातली चपाती घेतली, तिची घडी घातली, परत उलगडली, परत घडी घातली. खाल्ली नाही.

"मॅडम, शिवणक्लास कधीपासून लावतील?"

मी म्हटलं, "असं कसं? अजून एक मॅच आहे."

"हरलो तर बॅच बंद, हे मी घरी सांगितलंच नाहीये. आमचे दादा स्टँडवर सगळ्यांना सांगतायत, पोरगी देशाकडून खेळायला गेली म्हणून." तिच्या वडिलांना ती दादा म्हणते. गाडीत बसवायला आले होते. मला "जय भीम मॅडम, पोरीवर लक्ष असू द्या" म्हणाले होते. आणि मी मान डोलावली होती, जसं काही हे सगळं मी करून ठेवलंच नव्हतं!

मॅच सुरू झाली. लांब टेबल, एका बाजूला आम्ही, समोर मॉरिशसची चार पोरं. दिसायला आपल्यासारखीच, पण आपसात फाडफाड फ्रेंच. माझी खुर्ची त्यांच्या मागे आली होती. मुद्दाम नाही हो, कुणीतरी तिथं ठेवलेली. आणि बसल्यावर लक्षात आलं की मला त्यांच्या स्क्रीन दिसतायत! चौघांपैकी तिघांच्या. चौथा त्यांचा कॅप्टन, त्याची पाठ एवढी रुंद की त्याच्या स्क्रीनचा कोपराही दिसेना.

मॅच बरोबरीत आली. शेवटचा डाव. त्यांचा एक जण तांब्यांनी पाडला, आणि लगेच आमचे तांबे आणि सर दोघंही पडले. राहिले वंदना आणि शेळके. आणि मला स्क्रीनवर स्पष्ट दिसत होतं, त्यांचे दोघं एका शिडीच्या मागे दबा धरून बसलेत.

मी उठून बाहेर जायला हवं होतं. गेले नाही.

माझ्या शेजारी एक बंगळूरच्या बाई बसल्या होत्या, बघायला आलेल्या कुठल्या तरी पोराची आई. मराठीचं अक्षर कळत नव्हतं त्यांना. मी त्यांच्याकडे वळले आणि चांगला आवाज चढवून, पार आमच्या आत्याच्या सुरात म्हटलं, "आवो बाई, काय सांगू तुमाला! शिडीमागं दोघं जन दडून बसल्यात! डाव्या अंगानं गेलं का घावतील बघा!"

त्या बाई गोड हसून मान डोलवत होत्या.

समोर शेळक्यांनी एका कानावरचा हेडफोन खाली ओढला. वंदनाने मान वर केली. टेबलापलीकडून तिने माझ्याकडे सरळ बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. मग तिने मान खाली घातली, ती परत वर केलीच नाही.

शेळके डाव्या अंगाने गेले. ढिशांव, ढिशांव! दोघंही आडवे. आता उरला फक्त त्यांचा कॅप्टन. आणि तो तिथेच कुठेतरी वंदनाच्या समोर उभा राहिला. हलला नाही, पळाला नाही. वंदनाने गोळी घातली.

जिंकलो! शेळक्यांनी सरांच्या पायावर डोकं ठेवलं. तांबेसुद्धा ओरडले. वंदना टेबलावरच्या वायरी गोळा करत बसली, तिथं गोळा करायला एकही वायर आपली नव्हती तरी.

पुढचं सगळं अण्णांनी कबूल केल्याप्रमाणे झालं. पेपरात फोटो आला, मला शाल-श्रीफळ मिळालं, सत्काराच्या भाषणात अण्णा मला "रणरागिणी" म्हणाले. पाचची बॅच चालू आहे. वंदना वेळेवर येते, मन लावून शिकवते. माझ्याशी कामापुरतं बोलते. लोक विचारतात, "मॅडम, बंगळूरला कसं काय जिंकलात हो?" मी म्हणते, "पोरांची मेहनत."

पण मॅच संपल्यावर त्या हॉलमध्ये एक गोष्ट झाली, ती मी अजून कुणाला सांगितलेली नाही. वंदनालाही नाही.

मी खाली मान घालून दाराकडे निघाले होते. मागून मॉरिशसचा तो रुंद पाठीचा कॅप्टन आला. विशीतला असेल. माझ्यासमोर थांबला, हात जोडले आणि एकेक शब्द जपून उचलावा तसा बोलला. मराठीत!

"नमस्कार, मावशी. माझे पणजोबा रत्नागिरीहून मॉरिशसला गेले. घरी आजी आमच्याशी मराठीच बोलते."

माझ्या हातातली पर्स खाली पडली. त्याने ती वाकून उचलली, झटकली आणि माझ्या हातात दिली.

"शिडीच्या मागे आम्ही तिघे होतो, मावशी. तुम्ही दोघेच सांगितलेत."