शेवाळ खाणारा मास्तर

आमच्याकडे आलेले पाहुणे चहाच्या आधी मास्तरचा नवा किस्सा मागतात. मास्तर म्हणजे हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधला बोटाएवढा ब्लेनी मासा. तो दगडावरचं शेवाळ खरवडून खातो, आणि उरलेला वेळ परीक्षेतल्या सुपरवायझरसारखा सगळ्यांवर डोळे फिरवत बसतो. नाव माझ्या ट्यूशनच्या मुलांनी ठेवलं. मी लातूरला बारावीला बायोलॉजी शिकवतो, त्यामुळे नाव नक्की कुणावरून ठेवलं हे विचारलेलं नाही.

*

टँक भरला तेव्हा गल्लीत पाण्याच्या टँकरसमोर रांग होती. शेजारच्या काकू बघायला आल्या. "सर, इथं प्यायला पाणी न्हाई, अन् तुम्ही त्यात मीठ कालवायलात?" मी समजावू लागलो, तर त्या माझ्या बायकोकडे वळल्या. "सुनंदा, तुझं लई अवघड हाय बाई."

*

माझे वडील, आबा, औशाकडच्या गावचे. त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं घर पडलं, त्यात माझी धाकटी आत्या गेली. तेव्हापासून आबा स्लॅबखाली कधी झोपले नाहीत. अंगणात पत्र्याचं शेड आहे, तिथं त्यांची बाज. रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला, घर जरा हादरलं, की ते ताटावरून उठून बाहेर जातात. आम्ही कधी अडवत नाही.

मासा आणला त्या दिवशी त्यांनी विचारलं, "ह्याला आधी कळतं का?"

"नाही आबा."

"मग कशाला आणला?"

*

दिवाळीला सुनंदाने टँकची काच, दगड, सगळं ब्रशने घासून लख्ख केलं. मीही कौतुक केलं. पुढे मास्तर गप्प गप्प राहू लागला. पाकिटातलं खाणं तोंडात घ्यायचा आणि थुंकायचा.

तेवढ्यात देवणीचे एक पालक मुलीची चौकशी करायला आले. घरी गुरं असलेला माणूस. मार्क विचारायचे सोडून टँकसमोर उभे राहिले.

"सर, जनावर उपाशी हाय. पोट खपाटीला गेलंय. चरायला ठेवलंच काय तुम्ही?"

बायोलॉजीच्या सरांना हे मुलांसमोर ऐकावं लागलं.

*

दाराबाहेरून आबांनी ते ऐकलं होतं. टँकमधून काढलेलं खारं पाणी त्यांनी घमेल्यात घेतलं, त्यात दगड ठेवले आणि उन्हात मांडले. काही दिवसांत दगड हिरवे झाले. मग रोज एक दगड आत, चरून झालेला बाहेर. दगड ठेवला की आबा लगेच अंगणात. पुढे पुढे मात्र मास्तर खातो की नाही हे बघायला ते थांबू लागले. त्याचं पोट भरत चाललं होतं.

*

परवा दुपारी घरी आलो तर ट्यूशनची मुलं चपला हातात घेऊन दारात उभी. आत टँकसमोर, चटईवर, आबा झोपले होते.

इतक्यात रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला. काच थरथरली. मास्तर झटकन दगडाच्या भोकात शिरला. आबांनी डोळे उघडले. मी दारातून बाजूला झालो, त्यांना वाट मोकळी असावी म्हणून.

भोकातून मास्तरचं डोकं हळूच बाहेर आलं.

"काही न्हाई रे," आबा म्हणाले, "ट्रक हाय." आणि कूस बदलून परत झोपले.