पिठाच्या डब्यातले फोन

जानेवारीतल्या त्या सकाळी घाटकोपरच्या भटवाडीत गारठा पडला होता. गारठा म्हणजे मुंबईचा. कानटोपी घालावी की नको हे ठरेपर्यंत ऊन वर येतं, तसला. नळाचं पाणी येऊन गेलं होतं, पायऱ्या अजून ओल्या होत्या, आणि सहदेव घाडी आपल्या पिठाच्या गिरणीचं शटर अर्धं वर करून दगडाला टाकी लावत बसला होता. दगड गुळगुळीत झाला की पीठ तापतं आणि करपल्यासारखा वास मारतं. म्हणून पंधरा दिवसांनी छिन्नी घेऊन त्याला पुन्हा दात पाडावे लागतात. टक् टक् टक् चाललं होतं. मधूनच सहदेवची मान डावीकडे वळायची, भिंतीतल्या एका खिळ्याकडे.

खिळ्याला काही नव्हतं. वर्षभर तिथे स्टँड होता आणि स्टँडात फोन. फोन आता घरी, विमलाच्या कपाटात, चावी विमलाच्या कमरेला. हाताशी राहिलं होतं बटणांचं जुनं डबडं, जे फक्त वाजायचं. पण मान सवयीची. ती कुणाच्या बापाला विचारून वळत नव्हती.

"परत बघलात मां थय?" चहा घेऊन आलेल्या विमलानं बरोबर पकडलं.

"खय?"

"त्या खिळ्याकडे. देव टांगलो हा काय थय?"

"गे, मान आखडली म्हणान वळवतंय."

"दर पाच मिन्टांनी आखडता?" तिनं कप दगडाशेजारी ठेवला. "परवा सव्वीस जानेवारी. कमिटीवाले इल्ले सकाळीच. पूजेक गाऱ्हाणा तुमीच घालतलात काय, इचारी होते."

सहदेवनं छिन्नी थांबवली. "लवू येतलो?"

"तां माका काय म्हायत?"

"मगे माका पण काय म्हायत नाय," सहदेव म्हणाला आणि पुन्हा टक् टक् सुरू झालं.

गाऱ्हाणं म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. इतरांसाठी दोन शब्द. देवाला नारळ ठेवायचा, समोर उभं राहायचं आणि सगळ्यांच्या वतीनं मोठ्या आवाजात त्याच्याशी बोलायचं. काय दुखतं, काय हवं, कोण आजारी, कुणाचं घर अडलंय. प्रत्येक मागण्यानंतर जमलेल्यांनी एका सुरात म्हणायचं, 'व्हय म्हाराजा!' सहदेवच्या गावी हा मान घाडी घराण्याचा. त्याचा बाप कापडगिरणीत कामाला आला तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेतून हा मानही घेऊन आला. चाळीची सत्यनारायणाची पूजा दरसाल सव्वीस जानेवारीला, आणि बापामागून तीस वर्षं गाऱ्हाणं सहदेवचं.

आणि ते नुसतं पाठ केलेलं नसायचं. पिठाच्या गिरणीवाल्याला जे कळतं ते डॉक्टरलाही कळत नाही. गव्हाच्या जागी नाचणीचा डबा आला की घरात साखर शिरली. डिंकाच्या लाडवांची कणीक जाडसर दळून हवी म्हणजे लेक बाळंतपणाला आलीय. निम्माच डबा म्हणजे मुलगा वेगळा झाला. हे सगळं सहदेव वर्षभर मनात साठवायचा आणि सव्वीस तारखेला देवापुढे ओतायचा, नावानिशी. कुणी लाजायचं, कुणी पदर तोंडाला लावून हसायचं. पण सगळे म्हणायचे, 'व्हय म्हाराजा!' आणि त्यात पहिला आणि सगळ्यांत मोठा आवाज लवू राऊळचा. लवू लहानपणापासूनचा दोस्त. शाळेची बस चालवायचा. त्याचा 'व्हय' निघाला की मागची पोरंसोरं आपोआप ओढली जायची.

गेल्या वर्षी सहदेवची मुलगी श्रुतिका हिनं ते सगळं फोनवर घेतलं आणि इन्स्टावर टाकलं. चार दिवसांत लाखभर लोकांनी पाहिलं. कॉलेजात तिला 'घाडीकाकांची मुलगी' म्हणू लागले.

"बाबा, झकास चाललंय यार! अजून एक करू."

एकाची दहा झाली. दहावीच्या निकालाचं गाऱ्हाणं, रस्त्यातल्या खड्ड्यांचं गाऱ्हाणं, क्रिकेटच्या मॅचचं गाऱ्हाणं. त्रेचाळीस हजार माणसं मागे लागली. बासष्टाव्या वर्षी सहदेवला पहिल्यांदा कळलं की आपला आवाज चांगला आहे. मग तो गिरणीत स्टँड लावून बसायला लागला. दळण पडतंय, पट्टा फिरतोय आणि याचा पांढरा अंगठा काचेवर वर-खाली. एका एकादशीला वरच्या चाळीतल्या म्हातारीचा राजगिरा त्यानं दगड न झाडता गव्हामागोमाग दळला. उपास मोडल्यावर म्हातारी काठी आपटत आली आणि भर गिऱ्हाइकांत म्हणाली, "मेल्या, माझ्याआधी तुझ्या फोनाक एकादशी धरूक सांग!"

तेव्हा सगळे हसले. सहदेवही हसला. त्याचीही त्यानं रील केली.

पण त्या पहिल्या गाऱ्हाण्यात एक वाक्य लवूचं होतं. लवूनं दारू सोडून तेव्हा चार महिने झाले होते. सहदेव देवाला म्हणाला होता, "लवूची दारू, म्हाराजा, तेना मोठ्या हिमतीन सोडल्यान हा. ती सुटलेलीच रवांदे!" आणि लवूनं स्वतःच, डोळ्यांत पाणी आणून, सगळ्यांत मोठा 'व्हय' दिला होता. चाळीत यात लपवण्यासारखं काही नव्हतं. लवूला जिन्यावरून उचलून घरी नेणारे हेच हात होते.

नोव्हेंबरात कुणीतरी, कोण कुठला देव जाणे, तो तुकडा कापला. 'लवूची दारू, म्हाराजा' आणि लगेच लवूचा 'व्हय!' मधलं सगळं गायब. त्यावर ढोलकी आणि हसणारी तोंडं. ते फिरत फिरत शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर पोचलं. एका आईनं विचारलं, हाच ना आपल्या बसचा ड्रायव्हर? बसमालकानं लवूला शांतपणे बोलावून सांगितलं, मुलांच्या गाडीवर नको आता. लवू पाण्याच्या जारांचा टेम्पो चालवू लागला.

तो भांडायला आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. फक्त त्याचा डबा गिरणीवर यायचा बंद झाला. दर सोमवारी येणारा, झाकणाला निळा दोरा बांधलेला डबा. दोन सोमवार गेल्यावर सहदेवनं विचारलं, तेव्हा विमलानं काय झालं ते सांगितलं. सगळ्या चाळीला ठाऊक होतं. त्रेचाळीस हजारांशी बोलणाऱ्याला तेवढं ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी श्रुतिकानं रडत रडत मूळची रील काढून टाकली.

"आता गेला मां?" सहदेवनं विचारलं.

"आपल्याकडून गेलं, बाबा. लोकांकडे आहे ते आहेच."

"मग सगळाच उडव."

"त्रेचाळीस हजार आहेत, बाबा..."

"उडव म्हटलंय मां."

तिनं उडवलं. जाता जाता फोननं एक पाटी दाखवली: तीस दिवसांत परत आलात तर सगळं जसंच्या तसं मिळेल. ही पाटी सहदेवला फार जड गेली. एकदाच तुटलं असतं तर सोसलं असतं. हे दार किलकिलं ठेवून गेलं होतं. एकोणतिसाव्या दिवशी तो दळण अर्ध्यावर टाकून घरी आला आणि विमलाकडे कपाटाची चावी मागू लागला. पॅन कार्ड बघायचंय म्हणाला. विमलानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, त्याला विळीवर बसवलं आणि पुढ्यात दोन नारळ ठेवले. "खवा. मगे बघू तुमचा प्यान." दुसरा नारळ संपेस्तोवर झटका ओसरला होता. तिसावा दिवस उलटला. दार बंद झालं.

त्या चोवीस तारखेला टाकी लावून झाली, दगड बसवला, सकाळची दळणं काढली. दुपारी एकला गिरणी बंद करून सहदेव घरी जेवायला गेला नाही. पिठानं पांढरे झालेले केस तसेच ठेवून पायऱ्या चढला आणि लवूच्या दाराशी उभा राहिला. लवूची बायको गावी गेली होती. महिनाभर गडी एकटाच होता. तोच तर घोर होता. एकटा माणूस, गेलेली गाडी, आणि नाक्यावर बार. सुटलेली दारू त्यानं परत धरली असती, तर दोष सहदेवच्या तोंडाचा होता.

दार लोटलेलं होतं. आत स्टोव्हवर काहीतरी परतल्याचा आवाज.

"लवू."

परतणं थांबलं. 

"लवू, मी सादेव."

"जार संपला का?" आतून आवाज आला. "टेम्पो चारला येतो. खाली फोन करा."

मालवणी सोडून लवू त्याच्याशी बोलला, आणि 'करा' म्हणाला, हे सहदेवला थोबाडीत बसल्यासारखं लागलं. माफी मागायला आलेला माणूस, पण माफीचे शब्द त्याला कधी जमले नव्हते. त्याला एकच भाषा पक्की येत होती. त्यानं चपला काढल्या, उंबऱ्यासमोर हात जोडले आणि तोंड उघडलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो सादेव घाडी, अंगावरचा पीठ न झाडता, तुझ्या दारात उभो हा. तेका वरसभर नाद लागलो, म्हाराजा. न बघलेल्या माणसांच्या कौतुकाचो नाद. तुका सांगूचा ता तेना जगाक दाखवल्यान. मित्राचा नाव चव्हाट्यार नेल्यान. मित्राची गाडी गेली, ती परत हाडून देवची ताकद तेच्यात नाय..."

आजूबाजूची दोन दारं उघडली. सहदेवचा आवाज फाटला, पण गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडत नाहीत.

"...पण मित्रान जा सोडल्यान हा, ता सुटलेलाच रवांदे! आणि ह्या सादेवान फोन सोडल्यान हा, तोय सुटलेलो रवांदे, म्हाराजा!"

मग तो थांबला. इथे नेहमी एक जागा असते.

आत झारा आपटला. आणि तीस वर्षांची सवय, ती तरी काय करणार? स्वयंपाकघरातून, रागावलेला, घोगरा, पण सगळ्या जिन्यात घुमणारा आवाज आला:

"व्हय म्हाराजा!"

पाठोपाठ लवू बाहेर आला, हातात झारा. "मेल्या, दुपारचो देवाक तरी जेवूक दी."

सहदेवनं आधी त्याच्या डोळ्यांत दारूची लाली शोधली. लवूचे डोळे स्वच्छ होते.

"कितके दिवस झाले?" लवूनं विचारलं.

"फोन सोडून? चाळीस."

"हात थरथरतत?"

"मान वळता. खिळ्याकडे."

"वळतलीच. माझी सहा म्हयने बारच्या पाटीकडे वळायची. रस्तो बदललंय, तरी वळायची." लवू आत गेला आणि बडीशेपेची एक पुडी घेऊन आला. "ही ठेव. मान वळली की चिमूटभर तोंडात. चावीपर्यंत येळ जाता. मी अजून खातंय." मग उंबऱ्याला टेकून म्हणाला, "माफ-बिफ काय नाय हां. पोरांची गाडी होती ती. सकाळी सातला तीस पोरां 'लवूकाका' म्हणान चढायची. ता तू खयसून हाडतलंस?"

"नाय हाडूक येवचा," सहदेव म्हणाला.

"मग गप जेव. बांगडो हा."

परवा पूजेला येशील का, हे विचारायचं धाडस सहदेवला जेवण होईपर्यंत झालं नाही. हात धुताना लवूच बोलला, "येतंय. पण एक अट हा."

सव्वीस तारखेला मांडवाच्या तोंडाशी श्रुतिका गिरणीतला पंधरा किलोचा रिकामा डबा घेऊन उभी होती. आरती झाली, गाऱ्हाण्याची वेळ झाली, आणि ती डबा घेऊन रांगेतून फिरू लागली.

"टाका फोन. काका, तुमचापण. चालू आहे तो, दिसतोय मला."

"अगं, माझा नवीन आहे, पीठ जाईल त्यात!"

"पुसलाय डबा. टाका."

त्रेपन्न फोन डब्यात पडले. झाकण लावलं, वर विमला बसली. गाऱ्हाण्यात नेहमीचं सगळं आलं: कुणाची साखर, कुणाचं बाळंतपण, म्हातारीचा राजगिरा, ज्याच्यावर म्हातारी स्वतःच सगळ्यांत जास्त हसली. लवूचं नाव सहदेवनं या वेळी घेतलं नाही. तो पुढच्या मागण्याकडे वळणार, तेवढ्यात लवूनंच कोपरानं ढोसलं.

"माझा ऱ्हवला," तो कुजबुजला.

सहदेवनं त्याच्याकडे पाहिलं. मग मागितलं, सगळं, अख्खं वाक्य. डब्यातून कुणाचा तरी फोन घुं घुं करत होता, विमलाच्या खालून. त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. लवूचा 'व्हय' खालच्या रिक्षास्टँडपर्यंत गेला.

तो कापलेला तुकडा अजूनही कुठे कुठे फिरतो. शाळेची गाडी काही लवूला परत मिळाली नाही.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी गारठा ओसरला होता. गिरणीवर तीन डबे रांगेत होते, पहिला म्हातारीच्या राजगिऱ्याचा; चौथ्याच्या झाकणाला निळा दोरा. लवू डबा ठेवून टेम्पोकडे निघाला होता, वळून ओरडला, "घावण्याचे तांदूळ हत! बारीक काढ. आणि राजगिऱ्याआधी दगड झाड, एकादशी हा आज वरच्या म्हातारीची!"

"शिकव माका," सहदेव म्हणाला. त्याची मान डावीकडे वळली. खिळ्याला आता बडीशेपेची पुडी लटकत होती. त्यानं चिमूटभर तोंडात टाकली, कुंचा घेतला, आणि दगड झाडायला लागला.