नऊ नंबरचा करकोचा

ऑफिसात त्याला ‘उपग्रहावरचा शहाणा’ म्हणत, आणि गंमत म्हणजे त्याला ते कौतुकच वाटे. एके काळी तो गुडघाभर चिखलात उभा राहून पाणपक्षी मोजायचा. आता करकोच्यांच्या पाठीवर उन्हावर चालणारे टॅग होते. ते पक्ष्याचा ठावठिकाणा कळवत, उपग्रह पाणी कुठे उरलंय ते दाखवी, आणि हा पठ्ठ्या खुर्चीतून न उठता दोन्हींचा मेळ घाली. त्याचे चिखलाचे बूट बायकोने कधीच देऊन टाकले होते, त्याला ते वर्षभराने कळलं.

मोठं तळं आटत चाललं होतं. पक्षी तिथे टिकले नसतील तर तळ्याचं नाव संरक्षित यादीतून काढायचं, असं समितीने ठरवलं होतं, आणि सगळी भिस्त याच्या अहवालावर होती. चालू टॅग दोनच उरले होते, सहा आणि नऊ. त्यातला सहा नंबर, कधी नव्हे ते तो तळ्यावर गेला तेव्हा, गळून पडलेला त्यालाच काठावर सापडला, म्हणून सहाचे ठिपके तो न बघताच गाळून टाकी. राहिला नऊ. आणि नऊ नंबर महिन्याभरापूर्वी तळं सोडून चक्क शहरात राहायला आला होता!

स्वारी खूश झाली. हा करकोचा रोज साडेआठला गिरणीमागच्या डबक्यावर जाई, अकराला परतून जुन्या वस्तीत मुक्काम करी. रविवारी मात्र जागचा हलत नसे. सुट्टीच्या गर्दीला पक्षी बुजतो, यावर त्याने दोन पानं खरडली. त्याच्या नकाशावर पाणी निळं आणि बाकी सगळं करडं दिसे. रस्ते नि घरं त्यानेच बंद करून ठेवली होती, नजरेला खुपतात म्हणून.

समितीच्या बैठकीच्या आदल्या सकाळी फोटो काढायला तो डबक्यावर गेला. पन्नाशीचा गडी झुडपामागे उकिडवा बसला, गुडघे कुरकुरले. फोनवरचा ठिपका दहा पावलांवर होता, पण तिथे पक्षी नव्हता. तिथल्या बाकावर त्याची आई बसली होती, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. पिशवीच्या बंदाला टॅग बांधलेला होता.

महिन्याभरापूर्वी तळ्यावरून येताना तो तिच्याकडे डोकावला होता. पायरीवर बसून, फोनवर बोलता बोलता त्याने टॅग धुतला, नंबर टिपला आणि टॅग तिथेच विसरला. आता त्याने तो हातात घेऊन त्यावरचा इंग्रजी आकडा पाहिला. नऊ. उलटा धरला. सहा. त्या दिवशी त्याने तो उलटाच धरला होता.

“हे कशाला बांधलंस, आई?”

“तूच म्हणालास ना, हे ज्याच्या अंगावर असेल त्याला तू रोज उठल्या उठल्या बघतोस. हल्ली मी परतीची वाट चुकते रे. म्हटलं, असू दे जवळ. तुझं लक्ष असतं.”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लक्ष होतंच की! महिनाभर तो तिला सकाळ-संध्याकाळ बघत होता. खालच्या आवाजात त्याने विचारलं, “आणि रविवारी बाहेर का पडत नाहीस?”

“रविवारी तू येतोस ना.”

अहवालापायी तो चार रविवार फिरकलाच नव्हता.

दुपारी त्याने सहा नंबरचे गाळलेले ठिपके उघडले. सगळेच्या सगळे तळ्यावर होते. पक्षी तिथून हललाच नव्हता. दुसऱ्या दिवशी समितीपुढे त्याने स्वतःची दोन पानं फाडली आणि आपण आईला करकोचा समजलो हे सरळ सांगून टाकलं. समिती पोट धरधरून हसली, तोही हसला. तळ्याचं नाव यादीत राहिलं.

नऊ नंबर त्याने अहवालातून काढला, पिशवीवरून नाही. नकाशावर आता रस्ते नि घरंही दिसतात. रविवारी तो ठिपका अजूनही हलत नाही, आणि दहाच्या आत हा तिच्या पायरीवर असतो.