साडूंचं वायफाय

माझ्या साडूंनी मला फसवलं. हातगाडीवर पेरू विकत विकत मी कोल्हारात बाग उभी केली. व्यापारी, दलाल, टेम्पोवाले, कुणाला मी कधी हातोहात गंडवू दिलं नाही. आणि फसवलं कोणी, तर तहसील कचेरीतून निवृत्त झालेल्या एका कारकुनाने, ज्यांच्याइतका सरळ माणूस अख्ख्या प्रवराकाठी सापडायचा नाही.

त्यांचं घर माझ्या भिंतीला लागून. माझा मोबाईल बटणांचा आणि घरात रेंज म्हणाल तर नावाला. मुलगी राजूरहून माहेरी आली की तिच्या लॅपटॉपवर जर्मनीतला माझा मुलगा दिसावा, एवढ्यासाठी आमचा सौदा ठरला होता: वायफाय त्यांचं, पेरू माझे. आठवड्याला दोन पाट्या मागत होते, मी एकीवर आणलं. निवृत्त झाले तरी साडूंच्या अंगातली कचेरी गेली नव्हती. पेरू पोचल्याची पोच द्यायचे, खाली सहीसकट. मी चहा विचारला तर म्हणायचे, “विचाराधीन आहे.” राउटर अडला की त्याची पिन उपटून अख्खी रामरक्षा म्हणायचे, मगच पुन्हा लावायचे. “निम्म्यात लावा की,” मी एकदा वैतागून म्हणालो. “निम्म्या रामरक्षेने निम्मंच इंटरनेट येईल, तात्या,” हे त्यांचं उत्तर.

नातवाचं बारसं जर्मनीत होतं आणि आत्या, म्हणजे माझी मुलगी, कोल्हारात. बाळाच्या कानात नाव आत्यानेच सांगायचं. तिने नवी साडी नेसून लॅपटॉप पाटावर ठेवला, उघडला, आणि वायफाय काही जोडेना. दिवाळीला याच लॅपटॉपवर ते आपोआप लागत होतं.

मी भिंतीवरून हाक मारली. साडू आले, पण आधी म्हणाले, “माझ्या संगणकावर चालू आहे. दोष अर्जदाराकडे दिसतो.” मग राउटर उपटला, रामरक्षा झाली. लॅपटॉप बंद करून चालू केला. आडवं येतं म्हणून पिठाचा पत्र्याचा डबा हलवला. लॅपटॉप खिडकीत नेला, तुळशीपाशी नेला. रेघा चारच्या चार दिसत होत्या, पण आत घेईना.

“मुहूर्त चाललाय साडू! पेरू खाताना बरं सगळं जोडलेलं असतं!” मी ओरडलो.

त्यांनी शांतपणे मुलीला विचारलं, “पासवर्ड कोणता आहे यात?”

“तुम्हीच दिलेला, काका. जिल्ह्याचं नाव.”

“कोणतं?”

“अहमदनगर.”

“मग कसं लागेल? जिल्ह्याचं नाव बदललं ना! शासनाने बदलायचं आणि आपण जुनंच चालवायचं? मी त्याच दिवशी पासवर्ड बदलला.”

“अन् मला कोन सांगनार व्हतं?”

“जाहीर झालं होतं, तात्या. पेपरातही आलं होतं.”

मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मुलीने लॅपटॉपमधून जुनं पुसलं आणि साडूंनी एकेक अक्षर सांगितलं तसं अहिल्यानगर टाकलं. झटक्यात जर्मनी दिसली. पाळणा दिसला, आणि पाळण्यापासून बाजूला होणारी सुनेची शेजारीण. मुहूर्त टळेल म्हणून तिलाच आत्या केलं होतं.

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. साडूंनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, “रडू नकोस. ते नाव तात्पुरतं समज. कायम तू कर.”

मुलाने बाळाचा कान पडद्याजवळ धरला. तिने हळूच नाव सांगितलं. नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत बुक्क्या घालायची रीत आहे, पण घालायला जवळ बायकामाणूस नव्हतं. तेव्हा “प्रक्रिया अपुरी राहायला नको,” म्हणत साडूंनीच तिच्या पाठीवर दोन हलक्या बुक्क्या मारल्या. ती रडता रडता हसली.

आता साडू पुण्याला मुलाकडे राहतात आणि भिंतीपलीकडे हाक मारली तर कुणी ओ देत नाही. पण माझ्या नातवाने स्वतःचं नाव पहिल्यांदा परक्या बाईकडून ऐकलं, याचा जाब मला हवाच आहे. पत्राने, फोनवर, मुलाकरवी दिलेला चालणार नाही. साडूंनी स्वतः कोल्हारला यावं, माझ्यासमोर बसावं आणि सावकाश द्यावा.